खेळ विकला, मग हात का धरता?

मोठा संगणक-खेळ बाजारात आला की आठवड्याभरात तोच वाद पेटतो, मॉडचा, म्हणजे खेळाडूंनी खेळात स्वतः केलेल्या बदलांचा. एक गट म्हणतो, मॉड म्हणजे दुसऱ्याच्या कलाकृतीत नाक खुपसणे. ज्याला खेळ जमत नाही तो मॉड टाकतो. दुसरा गट म्हणतो, मॉडची सोय नसेल तर खेळ घ्यायचाच कशाला, कंपनीने साधने द्यायलाच हवीत. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघेही एक गोष्ट न तपासता धरून चालतात, ती म्हणजे मॉड ही कंपनीने करायची मेहेरबानी आहे. एकाला ती नको असते, दुसऱ्याला जास्त हवी असते. मला हा पायाच मान्य नाही. एकट्याने खेळायचा खेळ मी पैसे मोजून घेतला, माझ्या यंत्रावर उतरवला, की त्याच्या फाइलींत काय बदलायचे ते मी ठरवीन. त्यासाठी साधने बनवून देण्याचे बंधन कंपनीवर नाही. पण तिने माझा हात धरू नये, चालू असलेली आवृत्ती माझ्या हातून काढून घेऊ नये आणि मॉड करणाऱ्याच्या कष्टांवर स्वतःचे नाव लावू नये. भांडायचेच तर या तीन गोष्टींवर भांडायला हवे.

हे मी नुसते तत्त्व म्हणून सांगत नाही. खुल्या जगाच्या एका खेळात मी तीन महिने रमलो होतो. ११२ मॉड होते, एकामागून एक नीट लावलेले, कारण कोणता आधी लोड होतो आणि कोणता नंतर यावर सगळे अवलंबून असते. माझे पात्र एका बर्फाळ खिंडीच्या तोंडाशी उभे होते आणि पलीकडे काय आहे ते मी अजून पाहिले नव्हते. एका संध्याकाळी खेळ उघडला तर तो आपोआप अपडेट झालेला. सेव्ह लोड केली, पडदा क्षणभर काळा झाला आणि मी परत डेस्कटॉपवर. मग सुरू झाले मॉड वापरणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे काम. निम्मे मॉड बंद करायचे आणि खेळ चालवून पाहायचा. चालला तर दोष बंद केलेल्यांत, नाही चालला तर उरलेल्यांत. मग त्यातले निम्मे. ११२ चे ५६, ५६ चे २८, मग १४, मग ७. रात्री एकच्या सुमारास, सातव्या फेरीत, दोष सापडला. सामानाच्या यादीतली अक्षरे मोठी करणारा एक लहानसा मॉड होता तो.

असे का होते हे समजायला अवघड नाही. चित्रे, आवाज, नकाशे बदलणारे मॉड खेळाच्या डेटावर चालतात. अपडेट आले तरी ते बहुधा तगतात. खेळाचे वागणे बदलणारे मॉड मात्र मुख्य एक्सई फाइलीत, म्हणजे खेळ चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ठरावीक पत्त्यावर जाऊन हात घालतात. कंपनीने चार ओळी बदलून ती फाइल नव्याने बांधली की आतले पत्ते सरकतात, आणि काल जिथे दार होते तिथे मॉड भिंतीवर आपटतो. त्या अपडेटमध्ये खेळणाऱ्यासाठी म्हणावे असे काही नव्हते. विकत घ्यायच्या वस्तूंच्या दुकानात भर पडली होती, एवढेच. मागची आवृत्ती परत मिळवायला रस्ता ठेवलेला नव्हता. मॉड करणाऱ्याने दोन वर्षांपूर्वीच काम थांबवले होते. बारीक अक्षरांनी माझे डोळे दुखतात, म्हणून तो मॉड मला हवाच होता. ती खिंड मी अजून ओलांडलेली नाही.

मॉडची बाजू घेणारे इथे लगेच इतिहास काढतात, आणि तो इतिहास खरा आहे. १९९३ साली आयडी सॉफ्टवेअरने डूम काढला तेव्हा जॉन कार्मॅकने नकाशे, चित्रे, आवाज हे सगळे इंजिनापासून, म्हणजे खेळ चालवणाऱ्या प्रोग्रामपासून, वेगळे करून वॅड नावाच्या फाइलींत ठेवले, लोकांना त्यात हात घालता यावा म्हणून. १९९७ मध्ये इंजिनाचा सोर्स कोडही खुला झाला; डूमचे नवे नकाशे आजही निघत आहेत. क्वेकवर टीम फोर्ट्रेस उभा राहिला, हाफ-लाइफवर १९९९ मध्ये काउंटर-स्ट्राइक. वॉरक्राफ्ट ३ सोबत मिळणाऱ्या नकाशा-संपादकातून डोटा निघाला आणि त्या वळणावर पुढे लीग ऑफ लेजंड्स आणि डोटा २ आले, दोन्ही दुसऱ्या कंपन्यांचे. डोटा २ वर २०१९ मध्ये ऑटो चेस रचला गेला आणि काही महिन्यांत मोठ्या कंपन्यांनी त्या धाटणीचे आपापले खेळ काढले. आर्मा २ वर डेझेड झाला आणि त्याच परंपरेतून पुढे पबजी.

तरीही हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही, उलट त्यात धोका दिसतो. ‘मॉडमधून उद्या कोट्यवधींचा खेळ निघेल, म्हणून मॉडला वाव द्या’ असे म्हटले की आपण हक्क नफ्याच्या खुंटीला टांगतो. ज्या मॉडमधून काहीच निघणार नाही त्यांचे काय? बहुतेक मॉड असेच असतात. उपशीर्षकांचा आकार वाढवणारे, लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांसाठी रंग बदलणारे, एखाद्या पात्राचे घर जरा बरे करणारे. स्टारड्यू व्हॅलीसाठी स्टारड्यू ॲक्सेस नावाचा मॉड आहे. तो पडद्यावरचे सगळे वाचून दाखवतो. समोर कोणती फरशी आहे, कोणते पीक तयार झाले, पेटीत काय आहे. दृष्टी नसलेली माणसे त्याच्या आधाराने शेती करतात, मासे पकडतात, गावातल्या लोकांशी मैत्री करतात. यातून नवा उद्योग उभा राहणार नाही. पण मॉडच्या हक्काचे समर्थन करायचे तर मी पबजी पुढे करणार नाही, हा मॉड पुढे करीन.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत वजनदार आक्षेप. खेळ ही कोणाची तरी घडवलेली वस्तू आहे, तिचे तोल जाणीवपूर्वक साधलेले असतात, ते मोडण्याचा अधिकार खेळणाऱ्याला कोणी दिला? हे मी हलक्यात घेत नाही. एल्डन रिंगमध्ये मार्गिट या सुरुवातीच्याच बलाढ्य शत्रूने मला वीसेक वेळा मारले. मॉडने त्याची ताकद निम्मी केली असती तर मी पहिल्याच रात्री पुढे गेलो असतो. मग ‘इथे आत्ता डोके आपटू नकोस, जग हिंडून ये’ हे त्या खेळाने जे न बोलता सांगितले ते मला कधीच कळले नसते. म्हणून कोणताही खेळ पहिल्यांदा जसा आहे तसा खेळावा असे मी प्रत्येकाला सांगतो. पण हा सल्ला आहे. सल्ल्याचा कायदा करायचा का?

मराठीत या आक्षेपाचे फार जुने आणि फार सुंदर रूप आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ ला, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी बजावले, की यात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असे समजावे. मॉडच्या विरोधकांना याहून नेमके वाक्य सापडणार नाही. पण ही चिंता आली कुठून ते पाहा. ग्रंथ हाताने उतरवला जात होता. कोणी मधेच घातलेली ओवी पुढच्या प्रतीत मूळ म्हणूनच उतरे, आणि मग ज्ञानेश्वरांची कोणती आणि नंतरच्याची कोणती हे ओळखायला मार्ग उरत नसे. भीती होती ती मूळ हरवण्याची. मॉडमध्ये मूळ हरवतच नाही. मॉडची फाइल वेगळी असते, खूण काढली की तो बंद होतो, खेळ होता तसा समोर. माझ्या प्रतीतल्या बदलाने शेजाऱ्याच्या प्रतीतला एक ठिपकाही हलत नाही.

मूळ हरवते ते भलत्याच ठिकाणी. जानेवारी २०२० मध्ये वॉरक्राफ्ट ३ ची रिफोर्ज्ड आवृत्ती आली, तेव्हा ज्यांनी ती विकत घेतलेली नव्हती, ज्यांच्याकडे जुनाच खेळ होता, त्यांच्याही यंत्रावर नवा क्लायंट, म्हणजे खेळ चालवणारा नवा प्रोग्राम, लादला गेला आणि आधीच्या काही सोयी गेल्या. प्रत्येकाच्या घरातली जुनी प्रत उचलून तिच्या जागी नवी ठेवण्याचे सामर्थ्य एकनाथांच्या काळात कोणाही लेखनिकाकडे नव्हते. आज ते कंपन्यांकडे आहे. कर्त्याच्या हेतूचा कळवळा असलेल्यांनी पहिला प्रश्न इथे विचारायला नको का?

शिवाय एकनाथांनी स्वतः काय केले? मूळ कर्त्याला जाऊन जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती. त्यांनी अनेक पाठ ताडून पाहिले, चुका काढल्या, बिघडलेले दुरुस्त केले. मॉड करणाऱ्यांपैकी कितीतरी जण नेमके हेच करतात. स्टार वॉर्सचा नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २ हा खेळ २००४ च्या डिसेंबरात घाईघाईने बाहेर काढला गेला आणि शेवटाकडचे बरेच प्रसंग गाळले गेले. पण त्यांचे तुकडे डिस्कवर तसेच पडून होते. चाहत्यांनी कित्येक वर्षे खपून ते जोडले, आणि आज तो खेळ सुचवणारा माणूस मॉडसह खेळा असेच सांगतो. व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स त्याच वर्षी अर्धाकच्चा आला, २००५ मध्ये तो बनवणारी ट्रॉइका कंपनी बंद पडली, आणि पुढची सगळी दुरुस्ती चाहत्यांच्या पॅचने केली. हे मॉड नसते तर ‘कर्त्याचा हेतू’ तरी कुठे शिल्लक राहिला असता? आणि बदल मुळात वाईट म्हणावा, तर बुद्धिबळातल्या वजिराला लांब पल्ल्याची चाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाली. ती कोणाच्या परवानगीने?

फसवणुकीचा आक्षेप मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. पटावर समोर दुसरा माणूस असेल तर नियम दोघांचे असतात आणि माझ्या प्रतीवरचा माझा हक्क तिथे संपतो. भिंतीपलीकडचे दाखवणारा, नेम आपोआप धरणारा मॉड हा दुसऱ्याच्या वेळेची चोरी आहे, आणि त्याला सर्व्हरवरून हाकलणे योग्यच. पण या कारणाची चादर कंपन्या फार लांब ओढतात. २०२३ मध्ये कॅपकॉम या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या एका तांत्रिक व्याख्यानात सांगितले गेले, की फसवणूक आणि चोरी रोखण्याच्या दृष्टीने सगळे मॉड फसवणुकीतच धरायचे. पाठोपाठ, २०२४ च्या जानेवारीत, रेसिडेंट ईव्हिल रेव्हलेशन्स या तिच्याच कितीतरी वर्षे जुन्या खेळावर नवे कुलूप चढवले गेले, मॉड मोडले आणि तक्रारी वाढल्यावर ते अपडेट मागे घ्यावे लागले. जो खेळ मी एकटा, जाळ्याशी न जोडता, रात्री दार लावून खेळतो, तिथे मी कोणाला फसवतो?

सुरक्षिततेचे तसे नाही. तिथे मॉडच्या बाजूचे लोक डोळेझाक करतात आणि मला ते खटकते. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या काही मॉडमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचे मालवेअर निघाले, आणि तेही कर्सफोर्जसारख्या मॉड मिळण्याच्या नावाजलेल्या ठिकाणी. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी स्ले द स्पायरच्या डाउनफॉल या लोकप्रिय मॉडचे खाते चोरांच्या हाती गेले आणि काही काळ अपडेट म्हणून पासवर्ड चोरणारी फाइल लोकांच्या यंत्रावर उतरत राहिली. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीतला मॉड हा पूर्ण मोकळा प्रोग्राम असतो. तुम्ही यंत्रावर जे करू शकता ते तोही करू शकतो. मग उपाय काय, मॉड बंद? बंद केल्याने माणसे थांबत नाहीत, ती आणखी अंधाऱ्या ठिकाणाहून फाइली उचलतात. फॅक्टोरिओ या खेळाने दुसरा रस्ता दाखवला आहे. तिथे मॉड लुआ भाषेत लिहितात, तो खेळाने आखून दिलेल्या कुंपणातच चालतो, कुंपणाबाहेरच्या फाइलींना त्याला शिवता येत नाही. त्या कुंपणात खेळाडूंनी अख्खे नवे ग्रह आणि शेकडो तासांचे खेळ उभारले. कंपनीने आपणहून मॉडला दार ठेवावे यासाठी माझ्याकडे जर एकच कारण असेल तर हे आहे. दार नसले की माणसे खिडकी फोडून आत येतात, आणि काचा सगळ्यांच्या पायांत जातात.

आणि मग आळसाचा आक्षेप, जो खुद्द खेळाडूंकडूनच येतो आणि ज्याला सहज उत्तर नाही. मॉड आहेत म्हणून कंपन्या अर्धवट खेळ विकतात, असे ते म्हणतात. बरोबर आहे. २०१२ मध्ये डार्क सोल्स पीसीवर आला तो ७२० ओळींच्या धूसर चित्रात अडकलेला, आणि त्यावरची दुरुस्ती एका खेळाडूने पहिल्याच दिवशी दिली. स्कायरिम २०११ चा. २०१६ मध्ये पुन्हा विकला, २०२१ मध्ये आणखी एकदा, आणि अनधिकृत पॅचमध्ये केव्हाच सुधारलेल्या कितीतरी चुका प्रत्येक नव्या आवृत्तीत तशाच. फुकट काम करणारी माणसे मिळाली की पगारी माणसांची निकड कमी होते, हे कोणत्याही धंद्यात खरे आहे. पण याचा दोष मॉडला देणे म्हणजे गळके छप्पर शेजाऱ्याने शाकारले म्हणून घरमालक निर्ढावला, असे म्हणून शेजाऱ्यालाच बोल लावणे. दुरुस्ती फुकट का झाली आणि तिचे श्रेय कोणाच्या खात्यावर गेले, हे विचारायला हवे.

इथे माझे माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडण आहे. २३ एप्रिल २०१५ ला स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात स्कायरिमचे मॉड विकत मिळू लागले. खेळाडूंनी इतका गदारोळ केला की २७ तारखेला ती योजना गुंडाळली गेली. तो विजय म्हणून आजही सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. ‘मॉड फुकटच हवेत’ या घोषणेत आपण हे विसरलो, की महिनोन्‌महिने रात्री जागून काम करणाऱ्याला मोबदला मिळणे यात गैर काहीही नाही. गैर होते ते वेगळेच. किमतीतला फक्त २५ टक्के वाटा मॉड करणाऱ्याला होता, उरलेला स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह आणि स्कायरिम बनवणारी बेथेस्डा यांना. मॉड एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात, मग एकाने विकला तर ज्याच्या खांद्यावर तो उभा आहे त्याला काय, याचे उत्तर कोणी तयार ठेवले नव्हते. दुसऱ्याचे काम वापरल्याची तक्रार लगेच उठलीच. आपण वाट्यावर आणि श्रेयावर भांडायला हवे होते. आपण भांडलो ते आपल्याला एक रुपयाही द्यावा लागू नये म्हणून. उलट बाजूने पाहा. फॅक्टोरिओच्या स्पेस एक्सप्लोरेशन या अवाढव्य मॉडच्या कर्त्याला त्या कंपनीने नोकरीवर घेतले आणि २०२४ चा स्पेस एज हा विस्तार त्याच्यासह घडवला. काउंटर-स्ट्राइकच्या दोन कर्त्यांनाही व्हॉल्व्हने आपल्यात घेतले होते. म्हणजे मनात असले की हे जमते.

मनात नसले की काय होते तेही रिफोर्ज्डनेच दाखवले. त्याच्या नव्या अटींत लिहिले होते, की खेळाडूंनी संपादकात बनवलेले सगळे नकाशे हे संपूर्णपणे वॉरक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीच्या मालकीचे. डोटाची संधी एकदा हातची गेली, पुन्हा जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ लागतो. कायदा तरी काय म्हणतो? अमेरिकेतल्या दोन निकालांत या प्रश्नाची दोन टोके दिसतात. गेम जीनी नावाचे यंत्र खेळाच्या कार्ट्रिज आणि कन्सोल यांच्या मधे बसून जिवांची संख्या वगैरे बदलत असे. ते रोखावे अशी मागणी निन्टेन्डोने न्यायालयात केली आणि १९९२ मध्ये ती अपील न्यायालयातही हरली. घरात, स्वतःच्या मजेसाठी विकत घेतलेला खेळ बदलून खेळणे हा गुन्हा नाही, असा त्याचा आशय. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने ड्यूक न्यूकेम ३डी साठी खेळाडूंनी केलेले ३०० नकाशे गोळा करून सीडीवर विकले, तेव्हा १९९८ मध्ये त्याच न्यायालयाने तिला अडवले. दोन्ही निकाल मला पटतात. स्वतःसाठी बदलणे आणि दुसऱ्याच्या कामावर दुकान मांडणे यांतली रेघ त्यांनी बरीच नीट ओढली. मग दुसऱ्याच्या नकाशांवर मालकी सांगणारी कंपनी त्या रेघेच्या कोणत्या बाजूला बसते?

साधनांबद्दल मी सुरुवातीला म्हटले की ती सक्तीची नसावीत, आणि ते मी मनापासून म्हटले. दिली तर आनंदच आहे. लॅरियन कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या बाल्डर्स गेट ३ साठी अधिकृत साधने दिली, पुढे कन्सोलवरही मॉड पोचवले. स्टारड्यू व्हॅलीच्या १.६ आवृत्तीत तर खेळाचे आतले कितीतरी भाग मॉड करणाऱ्यांना सोपे जावेत म्हणून नव्याने मांडले गेले, आणि तो खेळ मुळात एका माणसाने घडवलेला आहे. उलट सिटीज: स्कायलाइन्स २ हा २०२३ मध्ये मॉडच्या आश्वासनावर आला आणि मॉड आले काही महिन्यांनी; पहिला भाग ज्या बळावर जगला तेच बळ दुसऱ्याच्या जन्मवेळी नव्हते. पण साधने उशिरा आली तर वाट पाहता येते. पायाखालची आवृत्ती काढून घेतली तर काहीच करता येत नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये हे सगळ्यांसमोर घडले. फॉलआउट ४ या खेळावर रचलेला फॉलआउट लंडन हा मॉड, एका अख्ख्या नव्या खेळाएवढा, वर्षानुवर्षे फुकट राबून केलेला, २३ एप्रिलला येणार होता. फॉलआउट ४ चे मोठे अपडेट २५ एप्रिलला येणार असल्याचे जाहीर झाले आणि चमूला थांबावे लागले. मॉड आला २५ जुलैला, आणि सोबत खेळाडूंना आधी आपला खेळ जुन्या आवृत्तीवर कसा न्यायचा याची कृती द्यावी लागली. हे टाळायला काय लागले असते? स्टीमवर खेळ बनवणाऱ्याला मागच्या आवृत्त्या वेगळ्या शाखेत ठेवता येतात. खेळणारा खेळाच्या गुणधर्मांत जाऊन यादीतून हवी ती निवडतो आणि ती उतरते. रिमवर्ल्ड हे करतो, फॅक्टोरिओ हे करतो. त्यासाठी संपादक लिहावा लागत नाही, वकील लागत नाही, आणि ज्याला मॉडशी देणेघेणे नाही त्याला त्याचा काही त्रास नाही. माझ्या त्या खेळाला अशी एक यादी असती, तर मोठ्या अक्षरांसकट मी त्या रात्रीच खिंडीच्या पलीकडे उतरलो असतो.